उमेदवारी

काही शब्द भाषेत तसेच राहतात, पण त्यांचा मुक्काम बदलतो. 'उमेदवार' हा त्यांपैकीच एक. आज हा शब्द कानावर पडला की निवडणूक आठवते. भिंतीवरची चित्रे, जोडलेले हात आणि ध्वनिक्षेपकाचा गलबला. आमच्या आजोबांच्या पिढीला मात्र उमेदवार म्हटले की कचेरीच्या कोपऱ्यात बैठ्या मेजाशी बसून कागदांच्या नकला करणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिसत असे. शब्द फारसीतून आलेला आहे आणि त्यात 'उमेद' म्हणजे आशा आहे. नोकरी अजून लागलेली नाही, पगार सुरू झालेला नाही, परंतु समोरचा कागद खरा आहे, त्यावरची तारीख खरी आहे आणि चूक झाली तर तिचा भुर्दंडही खरा आहे, अशा अवस्थेत दोन-चार वर्षे काढणे म्हणजे उमेदवारी.

आमचे पणजोबा सावंतवाडीकडून घाट चढून बेळगावात आले ते अशाच उमेदवारीसाठी. घरी मोडी गिरवलेली होती, इंग्रजी बेताचे होते आणि कानडीचा गंधही नव्हता. कचेरीत गोकाक-संपगावकडची रयत अर्ज घेऊन येई. तिचे म्हणणे ऐकून ते मराठीत उतरवायचे आणि साहेबासाठी इंग्रजीत सारांश करायचा. तीन वर्षांत त्यांना कानडी बोलता येऊ लागले, मग वाचता येऊ लागले, आणि त्या जोरावर ते कायम झाले. सीमाभागातील जुन्या मराठी घराण्यांच्या कथा थोड्याफार फरकाने अशाच आहेत. कुणी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत रोजकीर्द आणि खतावणी लिहायला शिकले, कुणी वकिलाच्या हाताखाली दस्त लिहायला शिकले, कुणी छापखान्यात खिळे जुळवायला शिकले. काम करता करता शिकणे ही आपल्या घरांची जुनी रीत होती.

मग महाविद्यालये आली आणि ही रीत मागे पडली. १९३३ साली बेळगावात लिंगराज महाविद्यालय निघाले, १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय. तोवर पदवीसाठी कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे फर्ग्युसन किंवा धारवाडचे कर्नाटक महाविद्यालय गाठावे लागे. मुलाला बाहेर ठेवायचे म्हणजे दागिना गहाण पडे. इतक्या सायासाने मिळालेले शिक्षण कुणी वाया कसे जाऊ देईल? म्हणून घरोघर एक आशीर्वाद रूढ झाला: "तू फक्त अभ्यास कर, बाकी कशाला हात लावू नकोस." त्या काळात तो योग्यच होता. पदवीधर मोजके होते. बँक, शाळा, विमा, सरकारी खाते यांपैकी कुठेतरी जागा मिळे आणि काम शिकवण्याची जबाबदारी ती नोकरी स्वतः घेई.

आज तसे राहिलेले नाही. पदवीधर गल्लोगल्ली आहेत आणि काम देणारा पहिल्याच भेटीत विचारतो, "काय करता येते?" या प्रश्नाला गुणपत्रिका उत्तर देत नाही. आम्ही तीस वर्षे वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवले. घसाऱ्याची व्याख्या तोंडपाठ म्हणणारा विद्यार्थी खऱ्या दुकानाच्या पावत्यांचा गठ्ठा समोर येताच गोंधळून जातो, हे वर्षानुवर्षे पाहिले. त्याची बुद्धी कमी नसते. पाठ्यपुस्तकातले व्यवहार नीटनेटके असतात. खऱ्या गठ्ठ्यात एक पावती फाटलेली असते, एकीवर तारीख नसते आणि एक कानडीत असते. असा गठ्ठा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हाती आला तर मुलगा त्यातून वाट काढायला शिकतो. तोच बाविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी हाती आला, तर त्याचा धीर सुटतो. तेव्हा आपल्या घरातला तो जुना आशीर्वाद आता तपासून पाहायला हवा, असे आम्हांस वाटते.

याबाबत आपल्या मुलुखाकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा बेळगावकरांस नवी नाही, तरी या दृष्टीने ती पुन्हा पाहण्याजोगी आहे. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा तरुण चित्रकलेच्या ओढीने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकार होणे साधले नाही, तेव्हा त्याने यांत्रिक आरेखन शिकून घेतले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. मुंबईत असतानाच ते सायकली विकत घेऊन बेळगावात बंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवीत. रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालापासून, बेळगावातल्या त्या सायकलच्या दुकानापासून मोजतो. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावात आले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ती दूर होईपर्यंत नांगर पडून राहिले. नंतर शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, आणि १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळ दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कागदावरचे आरेखन आणि हातातले हत्यार ही दोन्ही एकाच माणसाजवळ एकाच काळात होती, हे त्या यशाचे एक कारण आहे. आधी सारे शिकून घेऊ आणि मग कामाला लागू, असा हिशेब त्यांनी केला असता तर सायकलचे दुकान निघालेच नसते.

किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खेडोपाडी विकण्याचे काम काही काळ एका तरुणाने केले. ते पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले. मॅट्रिकही न झालेल्या या गृहस्थांनी ओगल्यांच्या काचकारखान्यासाठीही फिरस्ती केली. नांगर विकताना त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले, आणि तेथील मुलांना शाळेत आणायचे तर शिक्षणाचा खर्च त्यांच्या श्रमांतूनच उभा करावा लागेल हे ओळखले. १९१९ साली त्यांनी काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९४७ साली सातारला छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. तेथे मुले श्रम करीत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज इतके रूढ आहेत की त्यांमागचे धाडस ध्यानात येत नाही. पुणे विद्यापीठाने १९५९ साली याच कर्मवीरांना डी.लिट. दिली. त्या विद्यापीठात आजही ही योजना त्यांच्याच नावाने चालते, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही 'कमवा व शिका' योजनेवर मुले शिकत आली आहेत. सीमेपलीकडून गेलेली आपल्या भागातील मुलेही त्यांत आहेत.

येथे एक भेद मात्र लक्षात ठेवला पाहिजे. कर्मवीरांपुढचा प्रश्न मुलाच्या पोटाचा आणि शुल्काचा होता. खडी फोडून किंवा शेत खणून शुल्क भरले जाते आणि अंगी स्वाभिमान येतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण खडी फोडणारा रसायनशास्त्राचा विद्यार्थी त्या श्रमाने चांगला रसायनज्ञ होईलच असे नाही. उलट जुन्या कचेरीतला उमेदवार काम नेमके शिके, परंतु त्याला कमाई नसे. एका रीतीत कमाई होती आणि दुसरीत विद्या. आजच्या विद्यार्थ्याला दोन्ही एका जागी मिळायला हवीत, आणि ती पदवीनंतर नव्हे, पदवी चालू असताना.

जगात इतरत्र हे जमवून दाखवले गेले आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यास आणि कारखाना आलटून पालटून ठेवला. दोन विद्यार्थ्यांची जोडी असे. एक वर्गात असताना दुसरा यंत्रावर, आणि ठरलेल्या मुदतीनंतर अदलाबदल. कारखान्याची जागा कधी रिकामी राहत नसे आणि वर्गातली चर्चा कधी कोरडी होत नसे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली स्थापन झाले तेच या पद्धतीवर. जर्मनीत तर शाळा आणि कारखाना यांनी मिळून एकाच तरुणास शिकवण्याची पद्धत समाजाच्या अंगवळणी पडली आहे. श्नायडर हा प्रयोग करीत होते त्याच सुमारास आपल्या बेळगावात लक्ष्मणराव नांगर बनवीत होते, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. कल्पना दोन्हीकडे होती. तिकडे विद्यापीठाने ती उचलली, इकडे ती कारखान्याबरोबर गाव सोडून गेली.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १९६१ सालचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यात आपला जुना शब्द अजून मानाने नांदतो. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले, २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावे लागते, ही त्यातली मोलाची गोष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाला अभ्यासक्रमात जागा दिली. सीमाभागात या धोरणाचाही एक वेगळाच खेळ झाला. कर्नाटकाने ते २०२१-२२ पासून लागू केले आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासूनच आले. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. तेव्हा निपाणीतल्या एकाच गल्लीतली दोन मुले, एक अर्जुननगरला जाणारा आणि दुसरा कर्नाटकातील महाविद्यालयात जाणारा, पदवीच्या दोन निराळ्या चौकटींत शिकत असतात. काम मात्र दोघांनाही एकाच बाजारात शोधायचे असते.

शिवाय अभ्यासक्रमात एखादी गोष्ट आली म्हणजे ती मुलांच्या अंगी आली असे होत नाही. प्रत्यक्ष कामाची म्हणून लिहिलेली प्रतिवृत्ते आम्ही निवृत्तीनंतरही वाचायला घेतो. कित्येकांत कारखान्याच्या फाटकापाशी काढलेले छायाचित्र असते आणि आतला मजकूर शब्दशः दुसऱ्याचा असतो. चार आठवड्यांचे प्रमाणपत्र चार तासांत मिळवून देणारेही निघाले आहेत. असा कागद जवळ बाळगणारा मुलगा स्वतःलाच फसवतो, कारण त्याला विचारला जाणारा प्रश्न तोच असतो: काय करता येते?

मग खरे काम ओळखावे कसे? आमची खूण साधी आहे. ज्या कामाची कुणीतरी वाट पाहत असते ते खरे काम. याचे एक उदाहरण आमच्या घरातले आहे. पुतण्याची मुलगी बेळगावात बी.कॉम. करते. दुसऱ्या वर्षी तिने एका कर सल्लागाराच्या कार्यालयात रोज संध्याकाळी तीन तास बसण्याचे ठरवले तेव्हा आमच्या वहिनींनी कपाळाला हात लावला. "भावोजी, तुम्हीच सांगा हिला. आपल्या घरातल्या मुलीनं दुसऱ्याच्या वह्या लिहायला जायचं? काय कमी केलंय आम्ही?" आम्ही म्हटले, "वहिनी, आपले मूळपुरुष दुसऱ्याच्या कागदांच्या नकला करूनच या गावात उभे राहिले." वहिनी काही दिवस आमच्याशी मोजकेच बोलल्या, पण मुलीला अडवले नाही.

वस्तू व सेवा कराचा धडा तिच्या पुस्तकात होताच. १ जुलै २०१७ पासून हा कर आला, राज्यांतर्गत विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग, आंतरराज्य विक्रीवर एकत्रित कर, हे तिने परीक्षेत लिहिलेही होते. कार्यालयात पहिल्या महिन्यात निपाणीच्या एका व्यापाऱ्याची बिले तिच्यापुढे आली. माल गेला होता कागलला. अंतर जेमतेम घटकाभराचे, माणसे ओळखीची, भाषा एकच. बिल करणाऱ्याने तो व्यवहार गावातलाच धरून कर दोन भागांत लावला होता. परंतु कराच्या दृष्टीने तो माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. चुकीच्या खात्यात भरलेला कर सोडवून घ्यायला किती कागद लागतात, ते तिने मग पाहिले. ज्या सीमेवर आपण सत्तर वर्षे बोलत आलो, ती सीमा एखाद्या बिलावर कशी उमटते, हे तिला त्या दिवशी कळले. आता महिन्याची ११ आणि २० या तारखा तिला सणवारासारख्या पाठ आहेत, कारण त्या तारखांना विवरणपत्र गेले नाही तर उद्यमबागेतल्या एखाद्या लहान ओतशाळेच्या मालकाला दंड बसतो आणि त्याचा फोन येतो.

दुसरे उदाहरण निपाणीचे. आमच्या भाचीचा मुलगा रसायनशास्त्र घेऊन शिकतो. गळीत हंगामात तो एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळीवर जातो. उसाच्या रसाचा ब्रिक्स म्हणजे त्यात विरघळलेल्या घनपदार्थांचे प्रमाण, पोल म्हणजे साखरेचे प्रमाण, आणि या दोहोंच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता; महाविद्यालयात हे एका तासिकेचे प्रात्यक्षिक. तेथे नमुना ठरलेल्या वेळी घ्यायचा, तापमानाची दुरुस्ती करायची आणि आकडा नोंदवहीत लिहायचा. पाळीचा मुख्य माणूस त्या आकड्याकडे पाहून पुढची प्रक्रिया ठरवतो. "मामाआजोबा, वर्गात चुकलं तर पुन्हा करता येतं, तिथं तोवर रस पुढं गेलेला असतो," असे तो म्हणतो. ही जाण कोणत्याही व्याख्यानाने त्याला देता आली नसती. आणि वर्गातल्या सिद्धांताविना तो केवळ आकडे लिहिणारा राहिला असता, हेही तितकेच खरे. आता तो पुस्तक उघडतो ते एखादी शंका मनात घेऊन.

या दोन्ही मुलांच्या अनुभवात एक गोष्ट समान निघाली, आणि ती या पानांच्या वाचकांपुढे मांडताना आम्ही थोडे थबकतो. ती आहे भाषेची गोष्ट. ओतशाळेचा मालक मराठीत बोलतो, त्याचे बिल इंग्रजीत असते आणि त्याला आलेली सरकारी सूचना कानडीत. पुतण्याची मुलगी त्या कार्यालयात सर्वांना हवीशी झाली ती हिशेबामुळे जितकी, तितकीच या तीन भाषांमुळे. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण जे सोसले ते या वाचकांस सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या हक्काबद्दल आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु मुलाचे विसावे वर्ष कोणत्याही निकालासाठी थांबत नाही. पणजोबा कानडी शिकले म्हणून त्यांच्या देवघरातले मराठी स्तोत्र कानडी झाले नाही. कानडी अर्ज वाचता येणे आणि त्याला उत्तर लिहिता येणे हे या भागात जोडारी किंवा हिशेबनिसाच्या कामासारखेच एक कसब आहे, असे मानले तर मनावरचा पुष्कळ भार हलका होतो.

याच्या जोडीला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठीच्या अभिमानाने बोलणाऱ्या आपल्या घरांतील किती मुलांना एक नेटके मराठी पत्र लिहिता येते? नगरपालिकेस अर्ज, ग्राहकाला खुलासा, सभेचा वृत्तांत; हे लेखन करणारी मुले विरळ झाली आहेत. कोल्हापूर, सांगली, पुणे येथील कितीतरी कामांना असे मराठी लागते, भाषांतराला लागते, वृत्तपत्राला लागते. घरात बोलली जाणारी मराठी ही त्याची फक्त सुरुवात होय. ज्या मुलाला मराठी आणि कानडी दोन्ही लिहिता येतात आणि कामापुरते इंग्रजी येते, असा मुलगा पुण्यात सहजी सापडत नाही आणि बंगळुरातही नाही. तो सापडावा तो बेळगावात आणि निपाणीत. आपल्या मुलांना जन्माने मिळालेली ही संधी आहे, आणि ती पदवीच्या तीन वर्षांत पक्की करता येते. शहरात १८४८ सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या टेबलावर रोज एक मराठी आणि एक कानडी अग्रलेख वाचून त्यांचा चार ओळींत सारांश लिहिणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

कामाच्या बाबतीत काही मर्यादाही पाळायला हव्यात. जुनी उमेदवारी आठवताना तिच्यातले दुःख विसरता येत नाही. बिनपगारी चार वर्षे त्यालाच परवडत ज्याच्या घरी चार वर्षे जेवायला होते. म्हणून कचेऱ्यांतून काही ठरावीक घरांतलीच मुले पुढे गेली, आणि त्या घरांत आपली घरे होती, हे मान्य करायला हवे. आजही 'अनुभव मिळतोय ना, मग पैसे कशाला' असे म्हणून मुलांना राबवून घेणारे आहेत. पहिले काही आठवडे शिकण्याचे म्हणून सोडून द्यावेत. त्यानंतर थोडे का होईना विद्यावेतन असावे, आणि तास, काम व मोबदला कागदावर असावा. आठवड्याला दहा-बारा तासांपेक्षा अधिक वेळ विद्यार्थ्याने देऊ नये, असे आमचे अनुभवाने झालेले मत आहे. काम इतके वाढले की वर्ग बुडू लागले, तर मुलगा स्वस्त मजूर होतो आणि त्याची पदवीही अर्धी राहते. मुलगी संध्याकाळी काम करून परतते तेव्हा तिच्या येण्याजाण्याची सोय कोण पाहणार, हा प्रश्न घराने तिला रोखण्यासाठी विचारू नये, सोय लावण्यासाठी विचारावा.

आणखी एक सवय आम्ही मुलांना सांगत असतो. पहिल्या वर्षापासून एक वही ठेवावी. आज कोणते काम केले, काय अडले, कुणाला विचारले, पुढच्या वेळी काय निराळे करू, एवढेच तीत लिहावे. वर्षाच्या शेवटी त्या वहीतून दोन पाने तयार होतात; ती मुलाखतीला नेलेल्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलतात. आमच्या पुतण्याच्या मुलीने ही वही ठेवली आहे. तिच्यात चुकांची पाने अधिक आहेत, आणि तीच वाचण्याजोगी आहेत.

परंतु हा सारा उपदेश मुलांनाच करून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. उमेदवाराला बसायला कुणीतरी मेज द्यावे लागते. या पत्रिकेच्या वाचकांत दुकानदार आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, उद्यमबागेत यंत्रशाळा चालवणारे आहेत, छापखान्याचे मालक आहेत. बेळगाव-निपाणी रस्त्यावर हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारे विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले आहे. तेथे मोठ्या पदांवर आपल्या ओळखीची माणसे असतील. प्रत्येकाने वर्षाला एक उमेदवार घेतला तरी शहरात किती मेजे तयार होतील! आणि तो उमेदवार आपल्याच नात्यातला असावा असे नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या आईची मुलगी आज महाविद्यालयात शिकते आहे. तिच्या घराण्यात कचेरी पाहिलेले कुणी नाही, शब्द टाकणारा काका-मामा नाही. आपल्या मुलांना ओळखीने जे मिळते ते तिला दारावर येऊन मागता आले पाहिजे. कर्मवीरांनी जी वाट पाडली ती अशाच मुलांसाठी होती.

आमच्या पुतण्याच्या मुलीच्या कार्यालयात यंदा आणखी एक खुर्ची मांडली गेली आहे. तिच्यावर बसणारी मुलगी रोज सकाळी लवकर उठून घरकाम उरकते, बसने महाविद्यालयात येते आणि संध्याकाळी बिले तपासते. महिनाअखेर तिला मिळणारी रक्कम मोठी नाही. बसचा पास आणि परीक्षेचे शुल्क त्यातून भागते. वहिनींनी परवा त्या दोघींना फराळाला बोलावले होते. कोणत्या बिलावर कोणता कर लागतो यावरून त्या दोघींचा वाद चालला होता आणि वहिनी मधूनमधून विचारीत होत्या, "पण मग हे त्या व्यापाऱ्याला आधीच कोणी का नाही सांगितलं?"